पहिल्या तीन विजयांवरून आमचा कबड्डी संघ बलवान म्हणावा का?

भातकापणीनंतर गुहागरच्या मैदानांवर आपल्या संघाने मिळवलेले तीन विजय आनंदाचेच आहेत. परंतु गुणफलकापेक्षा ते गुण कसे आले, हे आधी पाहावे. बहुतेक गुण एकाच चढाईपटूचे असतील, तर तो बाद होऊन बाहेर बसताच संघावर लोण चढण्याचा, म्हणजे सगळेच खेळाडू बाद होण्याचा, धोका वाढतो आणि माझ्या मते हंगामाच्या आरंभी याहून गंभीर उणीव दुसरी नाही. याउलट तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरलेले असतानाही अव्वल पकड करून 2 गुण मिळवणारा बचाव खरोखर भक्कम समजावा. मातीवरची पकड मॅटवर तशीच जमेल, असे मात्र गृहीत धरू नये. पुढची स्पर्धा मॅटवर असल्यास तेथे सराव सामने खेळवूनच कोपरारक्षक, म्हणजे बचावफळीच्या दोन टोकांचे खेळाडू, निश्चित करावेत.