वाचक विचारतात : मोंटानातली नदीकाठची जागा

रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, ट्राउट माशांच्या नदीला लागून जमीन घ्यावी का, अशी विचारणा अमेरिकेत स्थायिक झालेल्या बऱ्याच वाचकांनी केली आहे. बहुतेक पत्रं मोंटानातल्या जागांबद्दल आहेत, म्हणून उत्तरंही तिथल्या कायद्याला आणि तिथल्या नद्यांना धरून दिली आहेत. शेवटचं पत्र पुण्याचं आहे, ते हिमाचलबद्दल.

एनिस गावाजवळ मॅडिसन नदीकाठी ४० एकर विक्रीला आहेत. जाहिरातीत 'अर्धा मैल खाजगी ट्राउट नदी' असं म्हटलंय. पाट्या लावून बाहेरच्या गळवाल्यांना अडवता येईल का? (सिअ‍ॅटल)

नाही. त्या जाहिरातीतल्या 'खाजगी' या शब्दाचे पैसे मोजू नका.

मोंटानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली डिअरबॉर्न आणि बीव्हरहेड या नद्यांवरच्या दोन खटल्यांत नदीवर वावरायचा लोकांचा हक्क मान्य केला आणि १९८५ मध्ये तसा कायदा झाला. पात्राची जमीन कागदोपत्री कोणाची, यावर तो हक्क अवलंबून नाही. सार्वजनिक रस्त्यावरून, पुलापासून किंवा होडीतून पाण्यात आलेला माणूस तुमच्या घरासमोर उभा राहून गळ टाकू शकतो. नेहमीच्या उच्च पाण्याच्या खुणेपर्यंत तो काठानेही चालू शकतो. ही खूण पुराची नव्हे. पाण्याने सतत धुतली जाणारी दगडगोट्यांची पट्टी संपून मातीत रुजणारी झाडंझुडपं जिथे सुरू होतात, ती रेषा धरायची.

तुमची जमीन तुडवत नदीपर्यंत जाण्याचा हक्क मात्र त्याला नाही. त्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे. फाटकांवर, येण्याजाण्याच्या नेहमीच्या वाटांवर आणि नदी जिथे तुमची हद्द ओलांडते तिथे पाटी लावा, किंवा खांबावर निदान ५० चौरस इंच भरेल इतका चमकदार नारिंगी रंग द्या. तिकडे त्या रंगाचा अर्थ 'आत येऊ नका' असाच घेतला जातो. गुरांसाठी पात्रात आडवं कुंपण घातलंत, तर त्याला वळसा घालून काठावरून जाण्याची मुभा लोकांना आहे. तारेचं कुंपण वाहत्या पाण्यात होडीवाल्याच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून तो मार्ग शक्यतो टाळा.

मॅडिसनच्या कोणत्या पट्ट्यात जागा आहे, हे आधी बघा. क्वेक लेकपासून लायन्स पुलापर्यंत आणि पुढे एनिसच्या पुलापासून एनिस तलावापर्यंत होडीत बसून गळ टाकायला मनाई आहे. होडी किनाऱ्याला लावून, पाण्यात उतरूनच मासेमारी करावी लागते. म्हणजे अशा पट्ट्यात लोक तुमच्यासमोर थांबतात. लायन्स पुलाच्या खालच्या पट्ट्यात होड्या बहुतेक वाहत पुढे जातात. दलालाला एवढं विचारा : वरच्या आणि खालच्या बाजूचा सर्वांत जवळचा पूल किंवा होडी पाण्यात उतरवायचा सरकारी उतार किती मैलांवर आहे? तो जितका लांब, तितकी शांतता जास्त. आणि स्वतःच्या काठावर गळ टाकायलाही राज्याचा मासेमारी परवाना तुम्हाला लागतोच.

राज्य बदललं की नियम बदलतात. वायोमिंगमध्ये १९६१ च्या निकालानुसार होडीतून वाहत जाता येतं, पण खाजगी पात्राच्या तळावर पाय रोवून उभं राहता येत नाही. कोलोरॅडोत १९७९ चा निकाल जमीनमालकाच्या बाजूचा आहे. 'खाजगी पाणी' हवंच असेल तर तिकडे बघावं लागेल आणि किंमतही तशीच मोजावी लागेल. आमच्या मते मोंटानाचा नियम नदीच्या भल्याचा आहे. ज्या नदीवर हजारो लोक गळ टाकतात, तिच्यासाठी बोलणारेही हजारो असतात.

जमिनीबरोबर '१८८० च्या दशकातले जलहक्क' मिळतात असं सांगतात. नदी दारात असताना वेगळा हक्क कशाला? (डेन्व्हर)

कारण काठावर राहिल्याने पाणी उचलायचा हक्क मिळत नाही. पश्चिमेकडच्या राज्यांत पाणी 'आधी आला त्याचं आधी' या तत्त्वावर वाटलं जातं. ज्याने १८८२ मध्ये पाट खणून शेताला पाणी नेलं, त्याचा वाटा पुरा होईपर्यंत १९१० वाल्याला थांबावं लागतं. ऑगस्टमध्ये नदी उतरली की हा क्रम कागदावरचा राहत नाही. पाणीवाटप बघणारा माणूस येऊन तुमच्या पाटाचं दार बंद करतो. म्हणून जुनी तारीख मोलाची.

पण नुसत्या तारखेवर भुलू नका. हक्काच्या गोषवाऱ्यात पाच गोष्टी वाचा : अग्रक्रमाची तारीख, प्रवाह, कशासाठी, कुठून उचलायचं आणि कोणत्या जमिनीवर वापरायचं. प्रवाह क्युसेकमध्ये किंवा जुन्या 'मायनर्स इंचात' दिलेला असतो. मोंटानात ४० मायनर्स इंच म्हणजे १ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. बऱ्याचदा असं निघतं की हक्क शेजारच्या, आधीच विकून टाकलेल्या तुकड्यासाठी आहे, किंवा विक्रेत्याने पूर्वीच्या खरेदीखतात तो स्वतःकडे राखला आहे. १ जुलै १९७३ पूर्वीच्या हक्कांची छाननी राज्याच्या जल न्यायालयात चालू आहे, तेव्हा तुमच्या हक्कावर कोणाची हरकत नोंदली आहे का तेही बघा. खरेदी झाल्यावर नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याच्या दप्तरात मालकाचं नाव बदललं गेलं याची खात्री करून घ्या. आपल्याकडे खरेदीखत झालं तरी फेरफार राहून जातो, तसंच इथेही होतं.

शेती करायची नसेल तर तो हक्क ठरावीक प्रक्रियेने नदीतच ठेवता येतो, म्हणजे पाणी माशांसाठी वाहतं राहतं. नुसतं पाटाचं दार बंद करून ते साधत नाही. खालचा माणूस ते पाणी कायदेशीरपणे उचलेल. वापर बदलण्याची परवानगी घेऊनच हे करावं. तुमच्याकडे जुना हक्क असेल तर हे जरूर करा. उन्हाळ्यात उतरलेल्या नदीला त्याइतकी मदत दुसऱ्या कशाने होत नाही.

आणखी एक. तुमच्या जमिनीतून दुसऱ्याचा पाट जात असेल, तर तो साफ करायला आत येण्याची वहिवाट त्याला कायद्याने आहे. त्यावर बाग, भिंत, अंगण काही बांधू नका.

जागा बघायला कधी जावं? दलाल सप्टेंबर सुचवतो. (सॅन होजे)

सप्टेंबरमध्ये तिकडची प्रत्येक जागा सुंदर दिसते, म्हणून तो सुचवतो. तीनदा जा.

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत बर्फ वितळून नदी फुगते, तेव्हा एकदा. पाणी कुठवर चढतं, आत यायचा रस्ता कोरडा राहतो का, हे डोळ्यांनी बघा. विलोच्या (काठावर वाढणाऱ्या झुडपांच्या) फांद्यांत अडकलेला पालापाचोळा आणि खोडांवरची गाळाची रेघ जुन्या पुरांची उंची सांगतात. जून २०२२ मध्ये यलोस्टोन नदी कॉर्विन स्प्रिंग्ज इथे जवळपास १४ फुटांवर गेली. त्याआधीचा १९१८ चा उच्चांक साडेअकरा फुटांचा होता. केंद्र सरकारच्या पूरनकाशावर दरवर्षी १ टक्का शक्यतेचा पूर दाखवलेला असतो. आपल्याकडची लाल पूररेषा साधारण तीच, शंभर वर्षांची. निळी रेषा २५ वर्षांची असते. घर त्या पट्ट्यात असेल तर कर्ज देणारी बँक पूरविमा मागणारच. सरकारी योजनेत घराच्या इमारतीला कमाल २,५०,००० डॉलर मिळतात. विमा बहुधा ३० दिवसांनी लागू होतो, त्यामुळे मे महिन्यात धावाधाव करून फारसा उपयोग होत नाही.

ऑगस्टच्या मध्याला दुसरी फेरी, दुपारी चार-पाच वाजता, हातात थर्मामीटर घेऊन. ट्राउट थंड पाण्याचा मासा आहे. पाणी २० अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्याला त्रास होऊ लागतो, कारण पाण्यातला प्राणवायू घटतो आणि त्याची गरज मात्र वाढते. सलग तीन दिवस पाण्याचं तापमान ७३ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २२.८ सेल्सियसला पोचलं, की राज्याचं मत्स्यखातं दुपारी २ ते मध्यरात्र मासेमारी बंद करू शकतं. त्याला तिकडे 'हूट आउल' म्हणतात. तुमची नदी दर उन्हाळ्यात किती दिवस बंद असते, हे विक्रेत्याला विचारा. त्याच फेरीत उथळ, वेगाने वाहणाऱ्या पाण्यातले डोक्याएवढे दगड उलटून बघा. खाली दगडाला चिकटलेली कॅडिस या किड्याची बारीक खड्यांची घरटी, मेफ्लाय आणि मोठ्या स्टोनफ्लाय या किड्यांच्या अळ्या सापडल्या, तर नदीत माशांना खायला आहे. दगड गाळाने बरबटलेले आणि अळ्या नाहीत, तर वरच्या बाजूला काठ ढासळतोय किंवा गुरं पात्रात उतरतायत. दगड उलटला तसा परत ठेवा.

तिसरी फेरी जानेवारीत. एनिसच्या आसपास मॅडिसनमध्ये कडाक्याच्या थंडीत बर्फाचा बांध साचतो आणि पाणी मागे पसरतं. वर हेब्गेन धरण असल्याने इथला वसंतातला पूर सौम्य असतो, पण हिवाळ्यातला हा फुगवटा कित्येकांना माहीतच नसतो. रस्त्यावरचा बर्फ कोण काढतं, तालुका की तुम्ही, तेही तेव्हाच कळेल.

काठ दरवर्षी दोन-तीन फूट ढासळतो. मोठे दगड टाकून बांधून काढावा का? काठापर्यंत हिरवळ केलेली आहे. (बोझमन)

आधी हिरवळ काढा. काठ ढासळण्याचं निम्मं कारण तीच आहे. कापलेल्या गवताची मुळं काही इंच खोल जातात आणि पाणी त्याखालून माती पोखरतं. वरचा थर टोपीसारखा लोंबकळतो आणि एक दिवस तुटून पडतो.

दगडांच्या भिंतीने तुमचा काठ वाचेल, पण आदळलेलं पाणी वेग न गमावता शेजाऱ्याच्या काठावर जाईल. शिवाय ट्राउट ज्या पोखरलेल्या काठाखाली आणि लोंबत्या फांद्यांच्या सावलीत राहतात, ती जागाच नाहीशी होते. त्याऐवजी पाण्यापासून निदान ३० ते ५० फुटांची पट्टी मोकळी सोडून विलो लावा. झाड सुप्त असताना, पानं गळाल्यावर किंवा फुटण्याआधी, अंगठ्याएवढ्या जाडीच्या दोन-तीन फुटांच्या फांद्या कापा. खालचं टोक तिरपं छाटा. दोन तृतीयांशाहून जास्त भाग जमिनीत जाईल आणि टोक उन्हाळ्याअखेरच्या ओलाव्यापर्यंत पोचेल, असं ठोका. लावलेल्या फांद्या मरतात त्या मुख्यतः दोन कारणांनी : टोक कोरड्या मातीत राहतं, किंवा फांदी उलटी ठोकली जाते. कळ्यांची टोकं वर हवीत. उरलेल्या हरणं आणि बीव्हर खातात, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं जाळी घाला.

बारमाही नदीच्या पात्राला किंवा काठाला हात लावणाऱ्या कामाला १९७५ च्या कायद्याखाली '३१० परवाना' लागतो. तो स्थानिक संवर्धन मंडळ देतं. मत्स्यखात्याचा माणूस जागा बघून जातो. दोन महिने तरी धरून चाला. दगड किंवा भराव टाकायचा तर लष्कराच्या अभियंता विभागाचीही परवानगी लागू शकते. पूर्वीच्या मालकाने परवान्याशिवाय काठ बांधलेला असेल, तर ते दुखणं तुमच्या गळ्यात येतं. खरेदीआधी परवान्यांच्या प्रती मागून घ्या.

अंगणात तळं खणून ट्राउट सोडायचे आहेत. (शिकागो)

नदीचं पाणी तळ्यात घेऊन परत सोडण्याचा बेत असेल, तर करू नका. उथळ तळ्यात तापलेलं पाणी नदीत जातं आणि सोडलेले मासेही पळून नदीत जातात. मोंटानाने १९७४ पासून वाहत्या नद्यांमध्ये हॅचरीचे, म्हणजे टाक्यांत वाढवलेले ट्राउट सोडणं थांबवलं. कारण मॅडिसनवरच्या पाहणीत असं दिसलं की सोडलेल्या माशांमुळे नदीतच जन्मलेले मासे कमी होतात. नदीपासून वेगळं तळं चालेल. त्याला जलहक्क आणि मत्स्यखात्याचा तळ्याचा परवाना लागेल. खोली निदान काही भागात १० ते १२ फूट ठेवा, नाहीतर बर्फाखाली प्राणवायू संपून हिवाळ्यात मासे मरतात.

किंमत रास्त आहे का, हे कसं ताडावं? आणखी काय तपासावं? (ऑस्टिन)

मोंटानात विक्रीच्या किमती जाहीर होत नाहीत, त्यामुळे संकेतस्थळांवरचे अंदाज विसरा आणि शेतजमिनी व नदीकाठच्या जागांचं मूल्यांकन करणारा माणूस नेमा. मालकीच्या अहवालातली अपवादांची यादी वकिलाकडून वाचून घ्या. खनिजहक्क वेगळे विकलेले आहेत का, आणि जमिनीवर कायमचं संवर्धन-बंधन आहे का, हे त्यात निघतं. असं बंधन असेल तर दुसरं घर कुठे आणि किती मोठं बांधता येईल, हे आधीच ठरलेलं असतं. नदीला मात्र त्याने संरक्षण मिळतं, आणि शेजारच्या जमिनीवर ते असेल तर तुमचाच फायदा. सांडपाण्याचं शोषण-क्षेत्र, म्हणजे सेप्टिक टाकीचं पाणी जिथे मातीत मुरतं ती जागा, विहिरीपासून आणि पूरपट्ट्यापासून १०० फूट दूर लागतं, आणि त्याच्या तळापासून भूजलापर्यंत ४ फूट माती लागते. नदीकाठच्या ४० एकरांत अशी जागा कधीकधी एकच निघते. शेजाऱ्याची गुरं आत आली तर कुंपण घालणं तुमचं काम आहे, त्याचं नाही. स्पॉटेड नॅपवीडसारखी घातक तणं काढणंही तुमच्यावरच.

आमच्या नावावर मुळशीत सातबारा आहे. हिमाचलात तीर्थन नदीकाठी ट्राउटसाठी छोटी जागा घेता येईल का? (पुणे)

महाराष्ट्रातला सातबारा तिथे चालत नाही. हिमाचलच्या १९७२ च्या कुळ व जमीन सुधारणा कायद्याच्या कलम ११८ प्रमाणे शेतकरी म्हणजे हिमाचलातली जमीन कसणारा. बाकी सगळ्यांना राज्य सरकारची परवानगी लागते, आणि ती ठरावीक कारणासाठी, ठरावीक मुदतीत वापरायच्या अटीवर मिळते. स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन देतो असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. अशी बेनामी जमीन सरकारजमा होऊ शकते. भाड्याने राहून, मत्स्यविभागाचा परवाना काढून गळ टाकणं सरळ आणि स्वस्त आहे. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, तो मासे अंडी घालण्याचा काळ आहे. त्या महिन्यांत गेलात तर खड्यांच्या उथळ तळावर साफ केलेले फिकट गोल दिसतील. ती अंड्यांची जागा असते, तिथे पाण्यात पाय ठेवू नका.