गाडीला पीपीएफ (रंग जपणारी पारदर्शक फिल्म) घरी लावता येईल का?

येईल, पण पूर्ण बोनेट किंवा बंपर पहिल्याच दिवशी हातात घेऊ नका. दाराच्या हँडलमागचा खळगा, दाराची कड, हेडलाइट इथून सुरुवात करा. आणि गाडीच्या मॉडेलप्रमाणे आधीच कापलेला संचच घ्या. पत्र्यावर फिल्म ठेवून ब्लेड चालवलं की रंगावर ओरखडा पडलाच म्हणून समजा.

निम्मं काम स्वच्छतेचं आहे. गाडी धुवून क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण काढणारी मऊ वडी) फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मेण राहिलं तर कड चिकटत नाही. पंखा बंद ठेवा, उन्हात काम करू नका. धुळीचा एक कण आत अडकला तरी तो कायम डोळ्यांत खुपतो.

पाण्यात बेबी शाम्पूचे थोडे थेंब टाकून पत्रा, फिल्मची चिकट बाजू आणि स्वतःची बोटं, सगळं ओलं करा. कोरडं बोट लागलं की ठसा आत राहतो. फिल्म सरकवून जागेवर आणा, मधोमध स्क्वीजी (पाणी ओढायची पट्टी) मारून ती पक्की करा, मग पाणी कडांकडे ढकला. कड उचलत असेल तर तिथे पाणी आणि थोडं अल्कोहोल यांचं मिश्रण फवारा, मिनिटभर थांबा, पुन्हा दाबा. वळणावर हीट गनने हलकी ऊब द्या. जास्त ताणलेली फिल्म नंतर मागे ओढली जाते.

पाण्याचे बारीक फुगे काही दिवसांत आपोआप जातात, सुई टोचू नका. हवेचे मात्र लगेच काढा. आठवडाभर गाडी धुऊ नका.

नुकताच रंग दिला असेल तर रंग पूर्ण सुकेपर्यंत काही आठवडे थांबाच.