खुबा बदलला, आता कंबर धरते

प्रश्न : सासूबाईंचा (वय 67) उजवा खुबा बदलून पाच आठवडे झाले. खुबा दुखत नाही, पण वॉकरने पडवीत चार फेऱ्या मारल्या की कंबर धरते. बाकी वेळ त्या झोपाळ्यावरच बसतात. काय करावं?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : आधी वॉकर तपासा. हात सैल सोडून सरळ उभं राहिल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. ती खाली असली की माणूस वाकून चालतो आणि भार कमरेवर येतो. चारही पायांची बटणं सारख्याच भोकात बसवा.

दुसरं कारण जुनं असतं. लंगडत काढलेल्या वर्षांत खुब्यापुढचे स्नायू आखडतात, मग उभं राहताना कंबर पुढे ओढली जाते. दिवसातून दोन-तीनदा 15-20 मिनिटं उताणं, पाय सरळ ठेवून झोपू द्या. गुडघ्याखाली उशी नको. बरं वाटतं, पण आखडलेपण वाढतं. कुशीवर झोपायची परवानगी असेल तर मात्र दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी हवी.

झोपाळा तूर्त बंद. हलतो, बहुधा ठेंगणाही असतो. हातांची, गुडघ्यांपेक्षा उंच बैठकीची खुर्ची द्या आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठवा.

शेक टॉवेलात गुंडाळून फक्त कमरेला, 15 मिनिटं. पाय लांब झाल्यासारखा वाटला तरी दुसऱ्या पायाच्या चपलेत परस्पर उंची वाढवणारी टाच घालू नका. ही भावना बरेचदा काही महिन्यांत ओसरते. वेदनाशामक गोळीही सर्जनना विचारूनच.

पाय बधिर पडला, लघवी अडली, ताप आला किंवा पोटरी सुजली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.