मिसिंग काही केल्या जात नाही

या खेपेला आलेल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे. गाडीत मूळचं काहीतरी बदललंय, इंजिन मिसिंग मारतंय (एखादा सिलिंडर मधूनमधून पेट घेत नाही) आणि नवे पार्ट टाकून टाकून पैसे संपत आलेत. पिकअप चार दिवस उभी राहिली की घरात काय होतं, याची मला कल्पना आहे. म्हणून एकही पार्ट विकत घेण्याआधी काय तपासायचं, यावरच भर दिला आहे.

चार सिलिंडरच्या पेट्रोल पिकअपला तीन वर्षांपूर्वी सीएनजी किट बसवलं. हंगामात आंब्याच्या पेट्या घेऊन फोंडा घाटाने कोल्हापूरला जातो. सहा महिने गॅसवर मिसिंग आहे, स्कॅनरवर पी ०३०२ येतो. प्लग, कॉइल, गॅसचे इंजेक्टर, सगळं नवं टाकलं. आता इंजिन तापल्यावर पेट्रोलवरही आयडलला थरथरते, रेस दिली की बरी वाटते. टॅपेटची टकटक मात्र गेली, तेवढं एक चांगलं झालं. (कणकवली)

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि मला काळजी वाटली. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, आपोआप बरे होत नाहीत.

पी ०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर नीट मारत नाही. कारण मात्र तो कोड सांगत नाही. सीएनजी कोरडा गॅस आहे. त्यात मिश्रण पातळ राहिलं, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट जास्त तापतात आणि सीट झिजते. मग व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल जातो आणि टॅपेटची फट (टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली मोकळी जागा) कमी होत जाते. फट असते तोवर टकटक ऐकू येते, फट संपली की आवाजही संपतो. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, त्यामुळे व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकतच नाही. आयडलला दाब निसटायला वेळ मिळतो. रेस दिल्यावर तो मिळत नाही, म्हणून गाडी बरी वाटते. बिघाड गॅसच्या बाजूला असता, तर पेट्रोलवर थरथर आली नसती. (तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे टॅपेट असतील, तर आवाजाची ही खूण धरू नका. दाबाची तपासणी तरीही करा.)

इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) इंजिनात जितके व्हॉल्व्ह असतील तितक्या सगळ्यांची फट मोजून कागदावर लिहा आणि मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून पाहा. मग इंजिन गरम करून, इंधन आणि ठिणगी दोन्ही बंद ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. बाकीचे तीन १७० पीएसआयच्या आसपास आणि दोन नंबर १२० वर असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर दोष रिंगांचा, जिथल्या तिथे राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा. नुसती फट कमी झाली असेल, तर टॅपेट सेट करून काम भागेल. व्हॉल्व्ह जळला असेल, तर हेड उतरवावंच लागेल. तेव्हा सीटा गॅसला टिकणाऱ्या कठीण धातूच्या घाला आणि पुढे दर सर्व्हिसला फट मोजा.

प्लगचंही एकदा बघा. गॅसला ठिणगी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. खोक्यातून काढलेला प्लग १.१ मिमी गॅपवर तसाच बसवला असेल, तर भरलेल्या गाडीत घाट चढताना तो दगा देऊ शकतो. गॅसवर साधारण ०.७ ते ०.८ मिमी ठेवतात. आणि मिसिंग फक्त चढावर, चारही सिलिंडरवर येत असेल तर रेड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) हात लावून पाहा. तो गार लागला, तर त्यात गरम कूलंट फिरत नाही.

डिझेल पिकअपला पॉवर वाढवण्यासाठी रेल प्रेशर सेन्सरच्या वायरीत बॉक्स बसवला. आता सकाळी पांढरा धूर येतो आणि अर्धा तास गाडी तीन सिलिंडरवर चालल्यासारखी वाटते. फिटर म्हणतो, चारही नोझल बदला. (जुन्नर)

अजून एकही नोझल बदलू नका. आधी बॉक्स काढून मूळ सॉकेट जोडा. हा बॉक्स ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) डिझेलचा दाब खोटा, कमी दाखवतो आणि ईसीयू तो वाढवत बसतो. त्या जादा दाबाचा भार पंप आणि नोझल सोसतात.

पण थंडीतला पांढरा धूर आणि गरम झाल्यावर सुधारणारं मिसिंग पाहता, पहिला संशय हीटर प्लगवर, म्हणजे थंड इंजिनात सिलिंडर तापवणाऱ्या प्लगवर जातो. त्यांच्या वायरी सोडवून मल्टिमीटरने एकेकाचा रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग एखाद्या ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेल्याचं सर्किट तुटलेलं (ओपन) दाखवतं. पाच मिनिटांचं काम आहे. ते ठीक निघाले, तर चारही नोझलच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन चालवा. ज्या बाटलीत डिझेल इतरांपेक्षा बरंच जास्त साठेल, तोच नोझल काढून पंपवाल्याकडे न्या. नवा बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवाच घाला आणि नोझलवर कोड छापलेला असेल तर तो ईसीयूत भरून घ्या. हा कोड राहून गेला की नवा नोझल असूनही गाडी खडखडते.

५.३ लिटर व्ही-८ पिकअप, ३५ इंची टायर आणि तेल लावलेला कोन फिल्टर. पी ०३०७ सतत येतो. कॉइल, प्लग, वायर दुसऱ्या सिलिंडरशी अदलाबदल केली तरी कोड सातवरच. दोष फिल्टरचा की टायरचा? (ह्यूस्टन)

अदलाबदल केलीत हे उत्तम केलंत, निम्मं निदान तिथेच झालं. फिल्टरचं तेल एअरफ्लो सेन्सरवर बसलं, तर मिश्रण सगळ्याच सिलिंडरचं बिघडतं. मोठ्या टायरच्या हादऱ्यांनी क्रँकचा वेग खालीवर होऊन खोटं मिसफायर नोंदलं जातं, पण तेही विखुरलेलं असतं. एकाच सिलिंडरवर ते चिकटून राहत नाही.

या इंजिनात हलक्या भारावर चार सिलिंडर बंद करण्याची सोय असेल, तर ते १, ४, ६ आणि ७ हेच. त्यांचे लिफ्टर (कॅमवर बसून व्हॉल्व्ह उघडायला लावणारे भाग) वेगळ्या बनावटीचे असतात आणि ते अडकू शकतात. इंजेक्टरचीही अदलाबदल करून पाहा. तरीही कोड सातवर राहिला, तर व्हॉल्व्ह कव्हर काढा, क्रँक फिरवा आणि सातचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) शेजारच्यांइतके उचलतात का पाहा. कमी उचलत असतील तर लिफ्टर गेला, आणि कॅमही बघावा लागेल. चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला, तर गाडी जोरात चालवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या नळीतल्या धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि तो वितळतो.

पेट्रोल पिकअप फक्त पावसात मिसिंग मारते, ऊन पडलं की ठणठणीत. इंजिनावरचं कव्हर मी काढून टाकलंय. (राजापूर)

कव्हर परत बसवा. मग रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून कॉइलच्या आसपास स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा. कॉइलला हात लावू नका, बाही आणि उपरणं पंख्यापासून लांब ठेवा. जिथे निळी ठिणगी बाहेर उडताना दिसेल, तिथलं रबरी बूट चिरलेलं आहे. प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं असेल तर प्लग सोडवण्याआधी हवेने ते उडवून लावा, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरेल.