घर पालिकेचे, भाडे आपले, तोटाही आपलाच

प्रश्न : वय ४२. जळगावच्या एमआयडीसीत डाळमिलमध्ये सुपरवायझर आहे, हातात ३८ हजार पगार येतो. शेजारच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेने अल्प उत्पन्न गटासाठी भाड्याने दिलेल्या दोन खोल्यांत पत्नी आणि आठवीतल्या मुलीसह राहतो, भाडे दरमहा ३५० रुपये. २०२१ साली जळगावात सर्व खर्चासह २६ लाखांचा फ्लॅट घेतला (कर्ज २० लाख, हप्ता १७,७००) आणि तो साडेसात हजारांनी भाड्याने दिला. शेजारी टोमणे मारतात, "सरकारी घरात राहायचं अन् स्वतःच्या फ्लॅटचं भाडं खायचं." हे खरोखर अन्यायाचे आहे का? वसाहतीचा पुनर्विकास होऊन मालकीचे घर मिळणार असेही ऐकतो. कर्जाबरोबर पॉलिसी घ्यावी लागली, हप्ता वर्षाला ७२ हजार. गेल्या वर्षी तो भरण्यासाठी पतसंस्थेतून दीड लाख काढले, तेवढे सोडले तर सगळे सुरळीत आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी तीनदा वाचले. बचतीच्या पॉलिसीचा हप्ता भरण्यासाठी १४ टक्क्यांचे कर्ज काढणाऱ्या माणसाचे काहीही सुरळीत नसते. मात्र विचारलेल्या प्रश्नाला आधी उत्तर देतो.

होय, शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. तुमच्या गावात तशा दोन खोल्यांना बाहेर चार हजार पडतात. म्हणजे पालिका तुम्हाला वर्षाला ४४ हजारांच्या आसपास सवलत देते, आणि ती देताना तिने गृहीत धरले आहे की या कुटुंबाला दुसरा निवारा नाही. कापसाच्या जिनिंग कारखान्यात १४ हजारांवर काम करून चार हजार भाडे देणारा मजूर त्याच खोल्यांसाठी पात्र आहे आणि तुम्ही बसला आहात म्हणून तो बाहेर आहे. हा प्रश्न आपल्याकडेच पडतो असेही नाही. हाँगकाँगमध्ये सार्वजनिक घरांच्या भाडेकरूंना ऑक्टोबर २०२३ पासून दर दोन वर्षांनी आपल्या नावे तिथे घर नसल्याचे लिहून द्यावे लागते, तर व्हिएन्नात उत्पन्न फक्त घर देताना पाहतात, पुढे वाढले तरी कोणी उठवत नाही. व्हिएन्नाची पद्धत मला समजू शकते, कारण पगार वाढला म्हणून माणसाला वस्तीतून उपटून काढणे बरे नव्हे. पण पगार वाढणे वेगळे आणि दुसरे घर घेऊन ते भाड्याने देणे वेगळे.

नियमांच्या फटीचा आधार घेऊ नका. म्हाडाच्या सोडतीत अर्जदाराचे, पती-पत्नीचे वा अज्ञान मुलांचे त्या शहराच्या हद्दीत घर नसावे अशी अट असते, त्यामुळे "माझा फ्लॅट दुसऱ्या गावी आहे" असे म्हणून लोक निश्चिंत राहतात. प्रधानमंत्री आवास योजनेत मात्र कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसावे लागते. उद्या वसाहतीचा पुनर्विकास त्या योजनेतून झालाच, तर तुम्हाला तसे प्रतिज्ञापत्र करावे लागेल आणि ते खोटे असेल. शिवाय तुम्ही पाठवलेल्या पावतीच्या फोटोत नाव तुमच्या वडिलांचे आहे, जे २०१७ साली वारल्याचे तुम्हीच लिहिता. नऊ वर्षे पावती मृत माणसाच्या नावाने फाटते आहे, म्हणजे कागदावर तुम्ही भाडेकरूही नाही. अशा पायावर "मालकीचे घर मिळणार असे ऐकतो" ही आशा उभी आहे. तिला हिशेबात शून्य किंमत द्या.

आता ज्या भाड्याबद्दल तुम्हाला अपराधी वाटते, ते पाहू. वर्षात एक महिना घर रिकामे धरले तर भाडे ८२ हजार. त्यातून सोसायटीचे ११ हजार, घरपट्टीचे पाच, रंग-दुरुस्तीचे सहा वजा केले की उरतात ६० हजार, म्हणजे २६ लाखांवर सव्वादोन टक्के. कर्जाचा दर पावणेनऊ. हप्ते वर्षाला दोन लाख १२ हजार, म्हणून घरमालक होण्यासाठी तुम्ही दरवर्षी खिशातून दीड लाख घालता. पाच वर्षांत साडेदहा लाखांचे हप्ते भरले आणि मुद्दल उतरले सव्वादोन लाखांनी. पालिका देते ते ४४ हजार तुमच्या स्वयंपाकघरात पोहोचतच नाहीत, ते व्याजात जातात. शेजारी ज्याला मलिदा समजतात तो चार आण्याच्या कोंबडीचा बारा आण्यांचा मसाला आहे.

पॉलिसीकडे वळू. कर्ज मंजूर होण्यासाठी ती "घ्यावी लागते" असे तुम्हाला सांगितले गेले, आणि ते धादांत खोटे होते. कर्जासाठी विमा गळ्यात मारण्याचा अधिकार कोणालाही नाही. विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि दाद न मिळाल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा, तिथे शुल्क लागत नाही. पाच वर्षांनंतर आणि तोंडी आश्वासनावर फार आशा मात्र ठेवू नका. एजंटने कागदावर मार्करने गोल करून दिलेला १४ लाख ४० हजारांचा आकडा मी पाहिला. ज्या तक्त्यातून तो घेतला आहे त्यात दोन रकाने असतात, एक चार टक्के परतावा गृहीत धरून केलेला आणि दुसरा आठ टक्के. त्याने गोल केला तो आठचा, आणि त्यातले काहीही खात्रीचे नसते. तरी तो पूर्ण मिळाला असे समजू. दहा वर्षे ७२ हजार भरून विसाव्या वर्षी "दामदुप्पट", याचा दर साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. त्यासाठी तुम्ही १४ टक्क्यांनी पैसे उचललेत. आणि एवढे करून विम्याचे संरक्षण किती, तर सव्वासात लाख. उद्या तुम्हाला काही झाले तर पत्नीच्या डोक्यावर पावणेअठरा लाखांचे कर्ज आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. निम्मे हप्ते भरून झाले असल्याने इथून पुढचाच हिशेब केला तर या पॉलिसीचा परतावा साडेसात टक्क्यांपर्यंत दिसतो, आणि एजंट हेच सांगून तुम्हाला थांबवेल. डोक्यावर १४ आणि पावणेनऊ टक्क्यांची कर्जे नसती तर मीही थांबा म्हटले असते. तुमच्या बाबतीत नाही.

म्हणून आधी साठीपर्यंतचा ५० लाखांचा मुदतीचा (टर्म) विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, घ्या. वर्षाला १२ ते १५ हजार लागतील, आणि वैयक्तिक आयुर्विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही. तो हातात पडल्यावरच जुनी पॉलिसी सोडा, आधी नाही. या टप्प्यावर भरलेल्या हप्त्यांच्या किमान निम्मे, म्हणजे एक लाख ८० हजार मिळायला हवेत. त्यातून पतसंस्थेचे उरलेले एक लाख दहा हजार फेडून बेबाकी दाखला घ्या आणि बाकीचे सत्तर हजार अडीअडचणीसाठी बँकेत ठेवा.

फ्लॅट विकावा का? दलाल २८ लाख सांगतो असे लिहिता. रावेर-यावलकडे केळीचा भाव फलकावर एक असतो आणि बागेत व्यापारी देतो तो निराळा, हे तुम्हाला मी सांगायला नको. २८ मिळाले तरी कर्ज आणि दलाली जाऊन हातात साडेनऊ-दहा लाख येतील आणि राहायला स्वतःचे काहीच उरणार नाही. कर फारसा लागणार नाही, कारण २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांकाचा, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून नफा मोजण्याचा, पर्याय अजून आहे. तरीही विकू नका. त्यात राहायला जा.

परवडणार नाही असे वाटेल, म्हणून आकडे देतो. आज पगार आणि निव्वळ भाडे मिळून ४३ हजारांतून गृहकर्ज, पॉलिसी, पतसंस्थेचा ५,१०० चा हप्ता आणि पालिकेचे ३५० गेले की घरखर्चाला १४ हजारही उरत नाहीत. पॉलिसी आणि पतसंस्था संपवून फ्लॅटमध्ये राहिलात तर भाडे बुडूनही, सोसायटी, घरपट्टी आणि नवा विमा धरून, साडेसतरा हजार उरतात. एमआयडीसीला रोज जाण्या-येण्याचा खर्च वाचेल तो वेगळा. जवळजवळ फुकटचे घर सोडून तुमचा महिना सुधारतो, याचा अर्थ ती सवलत तुम्ही आजवर कशावर उधळलीत ते पाहा.

भाडेकरूशी केलेला करार नोटरीचा आहे, नोंदणीचा नाही. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची असते आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे आधी ग्राह्य धरले जाते, तेव्हा त्याला चढ्या आवाजात काही सांगू नका. मुलीची वार्षिक परीक्षा संपेपर्यंतची लेखी मुदत द्या आणि अनामत वेळेवर परत करा. मे महिन्यात सामान हलवले की पालिकेत खोल्या सोडत असल्याचा अर्ज द्या, वडिलांच्या मृत्यूचा दाखला त्याला जोडा, मागची बाकी निघाली तर भरून टाका आणि चावी परत केल्याची पोच तुमच्या स्वतःच्या नावाने घ्या.