सर्व्हर मोठा घेतला तरी आभासी सभागृह गर्दीत का अडकतं?

तुमच्या थ्रीडी सभागृहात दोनशे लोक असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, हजार झाले की सगळे जागच्या जागी थिजतात. मोठा सर्व्हर घेऊनही फारसा फरक पडला नाही, असं तुम्ही लिहिलंय. तो पडणारही नव्हता.

आत एकूण किती माणसं आहेत यापेक्षा कोण कोणाला दिसतंय, हे महत्त्वाचं. शंभर जण एकमेकांसमोर असतील तर प्रत्येकाची हालचाल उरलेल्या ९९ जणांना कळवावी लागते, म्हणजे एका फेरीत ९,९०० अपडेट. सेकंदाला २० फेऱ्या धरल्या तर जवळपास दोन लाख. हजार जण असतील तर हाच आकडा दोन कोटींच्या आसपास जातो. माणसं दहापट, काम शंभरपट! त्यामुळे दुप्पट ताकदीच्या सर्व्हरवर जेमतेम १.४ पट माणसं मावतात.

मोठ्या कंपन्यांनीही यावर पळवाटाच काढल्या आहेत. सेकंड लाइफ या आभासी जगाने जमिनीचे २५६ मीटरचे चौरस पाडले आणि प्रत्येक चौरस सर्व्हरवरच्या वेगळ्या प्रोसेसकडे (स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रामकडे) सोपवला. माणसं पांगलेली असतील तोवर हे उत्तम. सगळी एकाच चौरसात जमली की तो गुदमरतो आणि शेजारचे रिकामे बसतात. फोर्टनाइट या ऑनलाइन खेळात एप्रिल २०२० च्या मैफलीला एकाच वेळी सव्वा कोटीच्या आसपास लोक होते खरे, पण त्याच रंगमंचाच्या असंख्य प्रतींमध्ये विभागलेले. ईव्ह ऑनलाइन या अंतराळयुद्धाच्या खेळाने उलटा मार्ग धरला. गर्दी वाढली की तिथे खेळातला वेळच मंदावतो, अगदी मूळ वेगाच्या १० टक्क्यांपर्यंत. ऑक्टोबर २०२० च्या एका लढाईत एकाच ठिकाणी एका वेळी साडेसहा हजारांवर खेळाडू होते. अंतराळयानांच्या लढाईत हे चालून जातं. तुमच्याकडे लोक बोलणार आहेत, आवाज मंदावून कसं चालेल?

मी तुमच्या जागी असतो तर आधी मंचावरचा वक्ता बाजूला काढला असता. एकाचं हजारांना पाठवणं स्वस्त असतं, ते साध्या लाइव्ह स्ट्रीमने जाऊ द्या. खरा भार प्रेक्षकांचा आहे. प्रत्येकाला जवळच्या तीसचाळीस जणांचे अपडेट पूर्ण वेगाने पाठवा, त्यापलीकडचे सेकंदाला एकदोनदा, आणि लांबचे नुसती गर्दी म्हणून दाखवा. मधल्या हालचाली क्लायंटने (प्रेक्षकाच्या फोन-संगणकावरच्या ॲपने) अंदाजाने भराव्यात; १९८० च्या दशकातल्या सिमनेट या लष्करी सिम्युलेटरपासून हे तंत्र चालत आलंय. जवळ-लांबची हद्द मात्र थोडी सैल ठेवा, नाहीतर काठावरची माणसं सारखी दिसेनाशी होतात. गप्पांचे आवाजही अंतरानुसारच पाठवा.

एवढं करूनही पुरलं नाही तरच सभागृहाच्या प्रती करा, आणि तेव्हा एकत्र आलेल्या मित्रांना एकाच प्रतीत टाका. मित्र सापडला नाही की माणूस बाहेर पडतो, फ्रेम रेट (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो वेग) कितीही चांगला असो.

हो, फोनही तपासा. पुष्कळदा सर्व्हर निवांत असतो आणि फोनच शेकडो अवतार रंगवताना दमतो. चाचणीचे बॉट, म्हणजे प्रोग्रामने चालवलेली खोटी माणसं, सभागृहभर विखरू नका, सगळे प्रवेशद्वाराशी एकाच ठिकाणी सोडा. कार्यक्रम सुरू होताना माणसं तिथेच साचतात.