चिखलातला तो ठिपकेवाला कोण?

प्रश्न: ताई, दिवाळीत नवीन दुर्बीण घेतली, ८ बाय ४२ ची, आणि परवा शनिवार-रविवार दोन्ही दिवस सकाळी कळंबा तलावावर जाऊन बसलो. मनात होतं कायतरी दुर्मिळ पाहुणा दिसणार. दिसलं काय, तर टिटव्या, वारकरी, बगळे आणि चिखलात फिरणारा एकच तपकिरी पक्षी. फोटो ग्रुपवर टाकला तर एकजण म्हणाला वूड सँडपायपर, दुसरा म्हणाला ग्रीन, तिसऱ्यानं 'रेअर आहे, लगेच नोंद करा' म्हणून धुरळाच उडवला. फोटो पाठवतोय, नक्की कोण हा? आणि बाकीचे वेडर्स, म्हणजे चिखलात चरणारे पक्षी, गेले कुठं?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: दादा, फोटो मस्त आलाय, त्यामुळं भांडण लगेच मिटतंय. हा वूड सँडपायपर, म्हणजे आपली ठिपकेवाली तुतारी. पांढरी भुवई बघा, डोळ्याच्या मागंपर्यंत गेलीय, ग्रीनची भुवई डोळ्यापाशीच संपते. पाठ भरड ठिपक्यांची, पाय पिवळट. ग्रीन एकूण काळपट दिसतो, ठिपके बारीक आणि पाय हिरवट. शेपूट दोघंही हलवतात, त्यावरून काय ठरवू नका. खरी गंमत उडाल्यावर असते, ग्रीनच्या पंखाखाली जवळजवळ काळं दिसतं आणि वूडच्या पंखाखाली फिक्कं. मी स्वतः दोन हिवाळे राजाराम तलावावरच्या प्रत्येक ग्रीनला वूड म्हणून वहीत लिहीत होते, एकदा एक पक्षी अगदी पायाजवळनं उडाला, पंखाखालचं काळं दिसलं आणि घरी येऊन आधी वही खोडली.

रेअर मात्र नाही हो. दरवर्षी येतो, ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच. पण उत्तर युरोप-सायबेरियाच्या दलदलीत घरटं करणारा पक्षी आपल्या कळंब्याच्या चिखलात म्हशींच्या शेजारी चरतोय, हे काय कमी आहे का!

आता बाकीचे कुठं गेले. दिवाळीनंतर लगेच गेलात म्हणजे तलाव काठोकाठ असणार. या पक्ष्यांना पाणी नको असतं, चिखल हवा असतो, पाय बुडतील न बुडतील एवढंच पाणी आणि खाली अळ्या-किडे. पाणी उतरायला लागलं की रोज नवा ओला पट्टा उघडा पडतो आणि तिथं जेवणाची पंगत बसते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत परत जा. भिंतीवर उभं राहू नका, तिथं फोटो निघतात, पक्षी नाही. मागच्या उथळ बाजूला जा, जिकडून कात्यायनीच्या डोंगराकडचं पाणी येतं. सकाळी ऊन पाठीवर राहील असा पूर्वेचा काठ धरा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात आणि मग सगळेच 'रेअर' वाटतात.

एका जागी अर्धा तास बसा. पहिली दहा मिनिटं चिखल रिकामाच दिसतो, मग एक ढेकूळ चालायला लागतं, तो छोटा चिखल्या, डोळ्याभोवती पिवळी रिंग. त्याच्या पलीकडं चिमणीएवढे स्टिंट असतील तर पाय बघा, काळे तर लिटल स्टिंट, पिवळट तर टेमिंक स्टिंट. लांब गुलाबी पायांचे शेकाटे तर लांबूनच कळतात. या नेहमीच्या मंडळींची तोंडओळख झाली की थव्यात एखादा वेगळा असला तर तो आपोआप डोळ्यात खुपतो, दुर्मिळ पक्षी असाच सापडतो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर नेहमी न दिसणारा पक्षी नोंदवला की ॲप पुरावा मागतं, तेव्हा फोटो कितीही हललेला असू दे, डिलीट करू नका, आणि पुस्तक उघडायच्या आधी जे दिसलं ते लिहून काढा, कारण पुस्तक बघितल्यावर आपल्याला हवं तेच दिसलं होतं असं वाटायला लागतं.

प्रश्न: रंकाळ्यावर फ्लेमिंगो बघायला कधी जाऊ?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर: रंकाळ्यावर भेळ खायला कधीही जा. फ्लेमिंगोसाठी उजनी धरणाच्या पाण्यावर भिगवणला जायचं, डिसेंबरनंतर पाणी उतरेल तसं. तिथं पट्टेरी डोक्याचे हंसही येतात, हिमालय ओलांडून. सकाळच्या पहिल्या बोटीत बसायचं असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचा, आणि नावाड्याला आधीच सांगून ठेवा की थवा उडवू नको, फोटो नाही मिळाला तरी चालेल.